होम स्क्रीनवरचं वेब ॲप जुनंच चालतंय, पांढरं पडतंय, केबलला दिसत नाही: तपासणीचा क्रम

लक्षणं

वेब ॲप म्हणजे ब्राउझरमधून होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून टाकलेली साइट. "ॲप अपडेटच होत नाही" या एका तक्रारीच्या पोटात बरेच वेगवेगळे बिघाड असतात. समोरचा फोन यातल्या कोणत्या ओळीत बसतो ते आधी ठरवा.

- लॅपटॉपवर नवा बदल दिसतो, फोनवर आयकॉनवरून उघडलं की जुनाच स्क्रीन.
- फोनच्या ब्राउझरमध्ये नवं दिसतं, आयकॉनवर जुनं.
- उघडताच पांढरा स्क्रीन. दोन-तीनदा उघडलं की कधी चालतं, कधी नाही.
- काल फुल स्क्रीन होतं, आज वर ॲड्रेस बार आला.
- नाव किंवा आयकॉन बदलून आठवडा झाला, फोनवर जुनंच.
- सफारीत लॉगिन आहे, आयकॉनवरून उघडलं की परत ओटीपी मागतं.
- नोटिफिकेशन येत नाहीत, किंवा फोन अनलॉक केल्यावर एकदम पाच येतात.
- केबल जोडली तरी लॅपटॉपला फोन दिसत नाही. आणि दिसला तर बग गायब होतो!

पहिल्या तीन ओळींत बसत असेल तर एडिटर उघडायची घाई करू नका. फोनवर कोणती प्रत चालू आहे हे कळेपर्यंत केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे असते, आणि त्या दुरुस्तीची आणखी एक प्रत कुठल्यातरी कॅशमध्ये (परत वापरायला साठवलेल्या प्रतींमध्ये) जाऊन बसते.

आयकॉन डिलीट करू नका

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार पडली की पहिलं उत्तर ठरलेलं: "डिलीट करून परत टाका." हा उपाय क्रमात सगळ्यात शेवटी हवा, कारण दोन फोनांवर त्याचे दोन वेगळे परिणाम होतात.

आयफोनवर होम स्क्रीनवरच्या वेब ॲपची साठवण सफारीपासून वेगळी असते. आयकॉन काढला की ती साठवणही जाते. गेटवरच्या वॉचमनने रेंज नसताना टाकलेल्या व्हिजिटरच्या नोंदी किंवा दूधवाल्याचा सकाळचा रतीब अजून सर्व्हरवर चढला नसेल, तर तो गेला. परत आणता येत नाही.

अँड्रॉइडवर नेमकं उलट. क्रोममधून टाकलेलं ॲप अनइन्स्टॉल केलं तरी साइटचा डेटा, कॅश आणि सर्व्हिस वर्कर (पानाच्या मागण्या मध्येच पकडून कॅशमधून उत्तर देऊ शकणारी स्क्रिप्ट) क्रोममध्ये जसेच्या तसे राहतात. परत टाकलं की तोच जुना सर्व्हिस वर्कर दारात उभा. म्हणजे एकाचं नुकसान होतं आणि दुसऱ्याचं काहीच सुधारत नाही. शिवाय दोन्हीकडे पुरावा विस्कटतो तो वेगळाच.

तपासणी १: आकडे वाचा. खर्च शून्य

ॲपच्या सेटिंग्जच्या तळाशी बिल्ड नंबर (ॲपच्या प्रतीचा क्रमांक) छापलेला असावा. नसेल तर पुढच्या डिप्लॉयमध्ये (नवी प्रत सर्व्हरवर चढवताना) आधी तो टाका, बाकीचं नंतर. एक आकडा पुरत नाही, तीन लागतात: पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये कोरलेला, सर्व्हिस वर्करला मेसेज पाठवून विचारलेला, आणि सर्व्हरवरच्या छोट्या व्हर्जन फाइलमधून कॅश टाळून आणलेला. फेच करताना, म्हणजे फाइल मागवताना, कॅशचा पर्याय नो-स्टोअर ठेवायचाच, पण सर्व्हिस वर्करच्या फेच हँडलरमधूनही ही फाइल वगळा. नाहीतर तिसरा आकडाही जुनाच येतो आणि सगळं ठीक दिसतं.

तिन्ही सारखे असतील तर प्रत नवीच आहे, बग खरा आहे, कोडमध्ये शोधा. पान आणि वर्कर दोघेही जुने, सर्व्हर नवा, असं असेल तर नवा वर्कर आलेला नाही किंवा येऊन ताटकळतोय. पान जुनं आणि वर्कर नवा, ही जोडी सगळ्यात वाईट. पांढऱ्या स्क्रीनचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. वर्करकडून उत्तरच आलं नाही तर पानाला कंट्रोलर (ताबा घेतलेला वर्कर) नाही, म्हणजे नोंदणी फसली आहे किंवा पान त्याच्या स्कोपबाहेर (ठरलेल्या पत्त्यांच्या हद्दीबाहेर) आहे.

हे आकडे फोनवरून वाचून दाखवता येतात. हडपसरच्या माणसाला बाणेरला फोन घेऊन बोलवावं लागत नाही, स्क्रीनशॉट पुरतो.

तपासणी २: पूर्ण बंद करा, टॅबसकट

नवा सर्व्हिस वर्कर डाउनलोड झाला तरी लगेच ताबा घेत नाही. जुन्या वर्करच्या हाताखालचं एकही पान उघडं असेपर्यंत तो थांबून राहतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. नाहीतर अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं अशी खिचडी झाली असती. पण याचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही: नुसतं रिलोड केल्याने थांबलेला वर्कर सुटत नाही.

अँड्रॉइडवर आयकॉनवरचं ॲप आणि क्रोममधला टॅब एकाच साठवणीवर आणि एकाच वर्करवर चालतात. त्यामुळे रिसेंट ॲप्समधून ॲप सरकवलं तरी क्रोममध्ये त्याच साइटचा महिन्यापूर्वीचा टॅब पडून असेल तर नवा वर्कर अडकलेलाच राहू शकतो. आधी ते टॅब बंद करा, मग ॲप सरकवा, उघडा, दहा-पंधरा सेकंद थांबा, परत बंद करून उघडा. पहिल्या उघडण्यात नवा वर्कर उतरतो, दुसऱ्यात तो कामाला लागतो. "दोनदा उघडा" हा सल्ला अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण त्यामागे एवढं कारण आहे.

यातच एक आडवळण. ब्राउझर नव्या वर्करची चौकशी मुख्यतः नेव्हिगेशनच्या वेळी करतो. लोक मात्र ॲप बंद करतच नाहीत, नुसतं मागे टाकतात आणि पुढे आणतात. पान मेमरीत तसंच असेल तर नेव्हिगेशन घडत नाही, चौकशीही नाही. एकाच पानावर चालणाऱ्या ॲपमध्ये आतल्या आत स्क्रीन बदलणं हेही ब्राउझरच्या लेखी नेव्हिगेशन नव्हे. उपाय सोपा आहे: व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंटवर, पान परत दिसू लागलं की, रजिस्ट्रेशनचं अपडेट फंक्शन बोलवा. दर वेळी नको, तासाला एकदा बस. आणि वर्कर थांबलेला दिसला तर "नवीन आवृत्ती आली आहे, सुरू करू?" अशी पट्टी दाखवा. माणसाने बटण दाबल्यावरच स्किप-वेटिंग करून (थांबलेल्या वर्करला लगेच ताबा देऊन) पान रिलोड करा. फॉर्म अर्धा भरलेला असताना आपण होऊन रिलोड करणारं ॲप लोक दुसऱ्या दिवशी काढून टाकतात.

तपासणी ३: फोनचं घड्याळ, जागा, ब्राउझर

दोन मिनिटांचं काम. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का बघा. घड्याळ मागेपुढे असेल तर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र अवैध ठरतं, आणि कॅशमुळे ॲप उघडतं पण डेटा येत नाही, असं फसवं चित्र दिसतं. मोकळी जागा बघा: स्टोरेज तुडुंब भरलं की ब्राउझर साइटची साठवण साफ करू शकतो. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरवरून अपडेट करा. आयफोनवर वेब ॲपचं इंजिन आयओएसबरोबरच येतं, म्हणून तिथे आयओएसची आवृत्ती लिहून घ्या.

तपासणी ४: ॲप टाकलं कोणत्या ब्राउझरमधून?

ब्राउझरमध्ये नवं आणि आयकॉनवर जुनं, हे दुसरं लक्षण इथे उलगडतं. आयफोनवर साठवण वेगळी असल्यामुळे असा फरक पडू शकतोच, वेगळ्या लॉगिनचं कारणही तेच. अँड्रॉइडवर मात्र फरक पडायला नको. तरी पडत असेल तर दोनच शक्यता धरा. एक, तुम्ही क्रोममध्ये बघताय आणि आयकॉन सॅमसंग इंटरनेट किंवा दुसऱ्याच ब्राउझरमधून टाकलाय. दोन, मॅनिफेस्टमधला (ॲपचं नाव, आयकॉन, पत्ते सांगणाऱ्या फाइलमधला) स्टार्ट यूआरएल, म्हणजे आयकॉनवरून उघडणारा पत्ता, तुम्ही टॅबमध्ये उघडता त्या पत्त्याहून वेगळा आहे. स्टार्ट यूआरएलला मागे सोर्ससारखा पॅरामीटर लावलेला असतो, आणि कॅश तो वेगळा पत्ता धरते. कॅशमध्ये शोधताना क्वेरी दुर्लक्षित करायचा पर्याय लावला की हे मिटतं.

क्रोममधून टाकलेलं ॲप ओळखायला ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे वेबएपीके हा शब्द अनेकवचनी एस लावून टाइप करा. फोनवरची सगळी वेबएपीके (वेब ॲपसाठी बनलेली अँड्रॉइड पॅकेजं) दिसतात, प्रत्येकाचा स्टार्ट यूआरएल आणि स्कोपसकट. तुमचं ॲप त्या यादीत नसेल तर ते दुसऱ्या ब्राउझरचं आहे, नाहीतर नुसता शॉर्टकट आहे. प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनवर वेबएपीके बनत नाही, शॉर्टकटच बनतो.

पाचव्या लक्षणाचं औषधही याच पानावर आहे. वेबएपीकेचं नाव, आयकॉन, रंग हे सर्व्हिस वर्करच्या वाटेने येत नाहीत. क्रोम मॅनिफेस्ट तपासतो तो साधारण दिवसातून एकदा, ॲप उघडल्यावर, आणि बदल सापडला तरी नवं पॅकेज बनून यायला वेळ लागतो. त्या पानावरच्या अपडेट बटणाने ही विनंती हाताने टाकता येते, मग ॲप पूर्ण बंद करून थांबा. आयफोनवर आयकॉन जोडताना जे चित्र आणि नाव घेतलं तेच राहतं, तिथे काढून परत जोडावंच लागतं. फक्त आधी सगळ्या नोंदी सर्व्हरवर चढल्याची खात्री करून घ्या.

ॲप बनवणारे तुम्ही नसाल, म्हणजे मेस, क्लास किंवा सोसायटीसाठी ते नुसतं चालवत असाल, तर इथे थांबा. तिन्ही आकडे, फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि आयओएस किंवा अँड्रॉइडची आवृत्ती लिहून ॲप बनवणाऱ्याला पाठवा. क्रोमच्या सेटिंगमध्ये "क्लिअर डेटा" दाबू नका. इतर साइट्सचे लॉगिन जातील ते जातीलच, तुमच्या ॲपमधल्या न चढलेल्या नोंदीही जातील.

तपासणी ५: सर्व्हर काय देतोय ते लॅपटॉपवरून बघा

अजून केबलची गरज नाही. पांढऱ्या स्क्रीनचं उत्तर बरेचदा इथेच मिळतं, म्हणून इथे सावकाश जा.

सर्व्हिस वर्करची फाइल आणि मुख्य एचटीएमएल यांचे हेडर (फाइलबरोबर येणाऱ्या सूचना) कर्ल या कमांडने मागवा. दोन्हींवर कॅश-कंट्रोल नो-कॅश हवं. क्रोम ६८ पासून, म्हणजे २०१८ पासून, वर्करची मुख्य स्क्रिप्ट तपासताना एचटीटीपी कॅश टाळली जाते, पण इम्पोर्ट-स्क्रिप्ट्सने आत ओढलेल्या फाइलना ही सवलत आपोआप मिळत नाही. आणि मधल्या सीडीएनला (फाइलच्या प्रती ठेवून वाटणाऱ्या सेवेला) तर ब्राउझरचे नियम लागूच नाहीत. सीडीएनने वर्करची जुनी फाइल धरून ठेवली असेल तर फोन दिवसभर चौकशी करेल आणि दर वेळी "काही बदल नाही" हेच उत्तर मिळेल. नावात हॅश (मजकुरावरून बनलेली खूण) असलेल्या जेएस आणि सीएसएस फाइलना मात्र वर्षभराची कॅश द्यायला हरकत नाही, त्या बदलल्या की नावच बदलतं.

आता ती वाईट जोडी. जुनं पान उघडं आहे. नव्या वर्करने स्किप-वेटिंग करून ताबा घेतला आणि जुनी कॅश पुसली. माणूस "पावत्या" टॅबवर बोट ठेवतो. तो भाग गरजेनुसार लोड होणारा, जुन्या पानाला जुन्या हॅशची फाइल हवी. कॅशमध्ये नाही, म्हणून मागणी सर्व्हरवर जाते. तिथेही नाही, कारण डिप्लॉय करताना जुनं बिल्ड पुसून नवं टाकलंय. आणि सर्व्हरवर "फाइल नसेल तर इंडेक्स पान द्या" हा नियम सरसकट लावलेला असतो, म्हणून ४०४ ऐवजी २०० आणि एचटीएमएल येतं. ब्राउझरला जावास्क्रिप्टच्या जागी लेस-दॅनची खूण दिसते आणि तो अनपेक्षित टोकन म्हणून किंवा माइम टाइप चुकला म्हणून थांबतो. माणसाला दिसतो पांढरा स्क्रीन.

तपासायला ॲसेट्सच्या फोल्डरमधल्या एखाद्या खोट्या नावाची जेएस फाइल मागा. ४०४ यायला हवं. एचटीएमएल आलं तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये त्या फोल्डरसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक करून फाइल नसल्यास थेट ४०४ द्यायला सांगा. याने पांढरा स्क्रीन टळत नाही, पण चूक खऱ्या नावाने दिसते, आणि ती चुकीची एचटीएमएल जेएसच्या नावाखाली कॅशमध्ये जाऊन बसत नाही. टाळण्यासाठी दोन गोष्टी करा: मागच्या बिल्डच्या फाइल निदान दोन आठवडे सर्व्हरवर राहू द्या, आणि डायनॅमिक इम्पोर्ट (गरजेनुसार भाग लोड करणं) फसला तर पान एकदाच रिलोड करा. एकदाच झाल्याची खूण सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, नाहीतर फोन रिलोडच्या चक्रात सापडतो.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार: प्रीकॅशची यादी, म्हणजे वर्कर इन्स्टॉल होताना आधीच साठवायच्या फाइलची यादी. कॅशच्या ॲड-ऑलला पन्नास पत्ते दिले आणि त्यातला एक ४०४ निघाला तर पन्नासच्या पन्नास फसतात, इन्स्टॉल फसतं, आणि जुना वर्कर निवांत राज्य करत राहतो. स्क्रीनवर कुठेही एरर नाही. कुणीतरी जुना लोगो रिपॉझिटरीतून काढलेला असतो, तेवढं पुरतं. यादीतला प्रत्येक पत्ता स्क्रिप्टने मागवून २०० येतो का बघा, हे डिप्लॉयच्या पायरीतच घाला. यादीत मूळ पत्ता असेल आणि तो लॉगिनकडे रीडायरेक्ट होत असेल तर तेही पकडा: रीडायरेक्ट झालेलं उत्तर कॅशमधून नेव्हिगेशनला दिलं की ब्राउझर ते नाकारतो, आणि सफारी स्पष्ट सांगतो की उत्तरात रीडायरेक्शन आहे.

वर्करच्या फाइलचं नाव कधीही बदलू नका. "व्ही २" असं नवं नाव दिलं की कॅशमधलं जुनं पान जुन्याच नावाची नोंदणी करत राहतं, आणि नव्या नावाची खबर देणारं पान फोनपर्यंत पोहोचतच नाही.

ॲड्रेस बार दिसू लागला असेल तर मॅनिफेस्टमधला स्कोप बघा. शेवटच्या स्लॅशवर सगळं अडतं: स्कोप "/ॲप/" असेल तर "/ॲप" हा पत्ता त्याच्या बाहेर. पेमेंट किंवा लॉगिन दुसऱ्या डोमेनवर गेलं तर बार दिसणारच, तो बिघाड नाही.

तपासणी ६: केबल

इथून वेळ आणि थोडा पैसा लागतो. अँड्रॉइडवर अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. शाओमीच्या फोनवर बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय किंवा ओएस व्हर्जनवर. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन अनलॉक ठेवून केबल लावा आणि "या संगणकाला परवानगी द्यायची का" याला होकार द्या. लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट पान (क्रोम, कोलन, दोन स्लॅश, इन्स्पेक्ट) उघडा.

फोन दिसत नसेल तर ड्रायव्हरआधी केबल बदला. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त केबलींत काहींना फक्त चार्जिंगच्या तारा असतात. विकत घेताना "डेटा केबल" असं सांगा आणि तिथेच फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय येतो का बघून घ्या. केबल चांगली असूनही दिसत नसेल तर विंडोजवर फोन कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर टाका. मग एडीबी, म्हणजे लॅपटॉप आणि फोन यांच्यातला डीबगिंगचा दुवा: अँड्रॉइड स्टुडिओ आणि क्रोम एकाच ५०३७ पोर्टवर एडीबीशी बोलतात, आवृत्त्या जुळल्या नाहीत की एक दुसऱ्याला बाहेर काढतो. स्टुडिओ बंद करा, एडीबी सर्व्हर मारून परत सुरू करा. चार्जिंग पोर्टच सैल असेल तर फोन दर मिनिटाला जोडला-तुटला असा आवाज करतो. तिथे थांबा, ते मोबाइल रिपेअरवाल्याचं काम आहे. किंवा अँड्रॉइड ११ पासून आलेलं वायरलेस डीबगिंग वापरा.

जोडणी झाल्यावर ॲप्लिकेशन पॅनलमधल्या सर्व्हिस वर्करच्या नोंदी बघा: चालू कोणता, थांबलेला कोणता, इन्स्टॉलची एरर काय. "अपडेट ऑन रीलोड"ची खूण तपासताना काढून ठेवा, ती असेल तर तुमच्यासमोर बिघाड घडणारच नाही. "क्लिअर साइट डेटा"ला अजून हात लावू नका.

विकासाचा सर्व्हर फोनवर उघडताना वायफायचा १९२.१६८ वाला पत्ता टाकला तर सर्व्हिस वर्कर नोंदवलाच जात नाही. लोकलहोस्टला एचटीटीपीएसची सूट आहे, घरच्या आयपीला नाही. इन्स्पेक्ट पानावर पोर्ट फॉरवर्डिंग लावा, ५१७३ ते लोकलहोस्ट ५१७३, आणि फोनवर लोकलहोस्ट उघडा.

आयफोनसाठी मॅक लागतो. विंडोजवर ॲपलचा इन्स्पेक्टर नाही. फोनवर सेटिंग्ज, ॲप्स, सफारी, ॲडव्हान्स्डमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू करा, आयओएस १८ च्या आधी सफारी थेट सेटिंग्जमध्ये असायचा. मॅकवर सफारीच्या ॲडव्हान्स्डमध्ये वेब डेव्हलपरची फीचर्स दाखवायची खूण करा, मग डेव्हलप मेनूत फोनचं नाव येतं. ॲप त्याखाली दिसायला ते फोनवर समोर उघडं आणि फोन अनलॉक हवा. फोनचं आयओएस नवं आणि मॅकवरचा सफारी जुना असेल तर जोडणी अर्धवट होते, अशा वेळी सफारी टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू वापरून बघा. एका बगसाठी मॅक विकत घेऊ नका. खऱ्या फोनवर तासाच्या हिशोबाने चाचणी करू देणाऱ्या क्लाउड सेवा आहेत, पण ती सेवा आयकॉन होम स्क्रीनवर जोडू देते का ते पैसे भरण्याआधी विचारा.

केबल शक्यच नसेल तर एरुडासारखा पानातच उघडणारा कन्सोल ठेवा, ॲपमधल्या बिल्ड नंबरवर पाच टॅप केल्यावरच लोड होणारा. सगळ्यांसाठी चालू ठेवलेला कन्सोल म्हणजे दार सताड उघडं.

तपासणी ७: केबल लावली की बग गायब

क्रोम रिकाम्या बसलेल्या सर्व्हिस वर्करला साधारण ३० सेकंदांत बंद करतो आणि गरज पडली की नव्याने सुरू करतो. डेव्हटूल्स (इन्स्पेक्ट पानावरून उघडणारी तपासणीची साधनं) जोडलेले असले की तो बंद करत नाही. त्यामुळे वर्करमधल्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये टोकन किंवा रांग ठेवणारा कोड टेबलावर नीट चालतो आणि खिशात मरतो. अशी प्रत्येक गोष्ट इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या कायमच्या डेटाबेसमध्ये) हलवा. फेच किंवा पुश इव्हेंटमध्ये सुरू केलेलं काम वेट-अंटिलमध्ये (काम संपेपर्यंत वर्कर बंद करू नका असं सांगणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळलंय का बघा. खात्री करायची तर इन्स्पेक्टर बंद करून, फोन दोन मिनिटं बाजूला ठेवून, मग बिघाड घडवा आणि सर्व्हरवर पाठवलेल्या लॉगमध्ये वाचा.

नेटवर्कचंही असंच आहे. डेव्हटूल्समधली ऑफलाइनची खूण म्हणजे स्वच्छ तुटलेलं नेट, ते सोपं असतं. खरा त्रास दोन दांड्या दाखवणाऱ्या पण काहीच न आणणाऱ्या नेटचा. फेचला स्वतःची अशी आटोपशीर मुदत नसते, म्हणून "आधी नेटवर्क, मग कॅश" ही पद्धत बेसमेंट पार्किंगमध्ये मिनिटभर पांढरा स्क्रीन धरून बसते. अबॉर्ट कंट्रोलरने तीन-चार सेकंदांची मुदत घाला आणि मग कॅश द्या. चाचणी लिफ्टशेजारी उभं राहून करा. फोनचं नेटवर्क २जीवर टाकूनही जमतं, पण जिओच्या सिमवर नाही, त्यांच्याकडे २जी नाहीच.

नोटिफिकेशन, थोडक्यात

आयफोनवर वेब पुश आयओएस १६.४ पासून, मार्च २०२३ मध्ये आलं, आणि फक्त होम स्क्रीनवर जोडलेल्या ॲपसाठी. मॅनिफेस्टमध्ये डिस्प्ले स्टँडअलोन किंवा फुलस्क्रीन हवा आणि परवानगी माणसाच्या टॅपवरच मागायला हवी. पुश येऊनही नोटिफिकेशन दाखवलं नाही तर सफारी सबस्क्रिप्शन रद्द करू शकतो. अँड्रॉइड १३ पासून परवानगी वेगळी मागावी लागते. शाओमी, विवो, ओपो, रिअलमी यांच्या बॅटरी बचतीत क्रोमवरचे निर्बंध काढा, पुश क्रोममार्फत येतं. एकदम पाच येत असतील तर पाठवताना अर्जन्सी हाय आहे का बघा.

शेवटचा उपाय, आणि तो एकट्याने करू नका

वर्कर इतका बिघडला की नवं काहीच पोहोचत नाही, तेव्हा त्याच नावाच्या फाइलमध्ये रिकामा वर्कर ठेवतात. इन्स्टॉलमध्ये स्किप-वेटिंग, ॲक्टिव्हेटमध्ये आपल्या सगळ्या कॅश पुसून स्वतःची नोंदणी रद्द करणे आणि उघडी पानं पुन्हा नेव्हिगेट करणे. फेच हँडलर मुळीच नाही. इंडेक्स्डडीबीला हात लावायचा नाही. क्लिअर-साइट-डेटा हेडर याहून सोपा दिसतो, पण त्यात स्टोरेज लिहिलं की न चढलेल्या नोंदीही जातात.

ॲपमध्ये ऑफलाइन नोंदी साठत असतील, पैशांचे व्यवहार असतील, किंवा डोमेन आणि सीडीएनचा ताबा दुसऱ्याकडे असेल तर हा वर्कर चढवण्याआधी थांबा आणि असं काम आधी केलेल्या माणसाला बसवा. यूपीआयचे पैसे कापले गेले आणि ॲपमध्ये पावती दिसत नाही, ही तक्रार तर कॅशची समजून हाताळूच नका. ती पेमेंट गेटवे आणि बँकेकडे, व्यवहार क्रमांकासह.

रिकामा वर्कर चढवल्यावर आठवड्याने "झालं" म्हणून काढून टाकू नका. मेंटेनन्सचं बिल भरायला तीन महिन्यांतून एकदाच ॲप उघडणारे सभासद असतात. त्यांच्या फोनवरचा जुना वर्कर त्या दिवशी पहिल्यांदा चौकशीला येईल, आणि फाइल तिथे नसेल तर तो जुन्याच कॅशवर चालत राहील. त्या पत्त्यावर नवा, धड चालणारा वर्कर येईपर्यंत रिकामा तिथेच असू द्या.